कल्याण ते 'कडल' : एका सागरी चालीचा मागोवा

समुद्रकाठी घडणाऱ्या तमिळ चित्रपटाला संगीत द्यायला बसलेल्या माणसाच्या पेटीत कोणकोणते सूर आधीपासून येऊन बसलेले असतात, याचा शोध घ्यायला कोहिनूर हे गाव तसे गैरसोयीचे. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले हे गाव. भोवती तुरीची आणि ज्वारीची राने, कानावर मराठी, कन्नड आणि दखनी, आणि कुठल्याही दिशेला निघालात तरी लाट दिसेपर्यंत दिवस मोडणार. तरीही आपण इथूनच निघू. २०१३ साली मणिरत्नम यांचा 'कडल' आला. कडल म्हणजे समुद्र. मच्छीमारांच्या वस्तीत घडणाऱ्या त्या चित्रपटाचे संगीत ए. आर. रहमान यांचे होते. त्या संगीताचे पूर्वज हुडकत मागे मागे गेले की वाट कोळीवाड्यांतून थोडी आणि कोरडवाहू मुलखातून फार जाते. तिचे एक टोक तर थेट आपल्या तालुक्याच्या गावी येऊन पोहोचते.

अकराव्या शतकाच्या मध्याला चालुक्यांच्या पहिल्या सोमेश्वराने राजधानी मान्यखेटहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून, कल्याणला, म्हणजे आपल्या बसवकल्याणला, आणली. त्याचा नातू तिसरा सोमेश्वर ११२६ साली गादीवर आला आणि दोन-तीन वर्षांतच 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा ग्रंथ त्याच्या नावावर उभा राहिला. राज्य कसे मिळवावे इथपासून स्वयंपाकघरात काय शिजवावे इथपर्यंत सगळे त्यात आहे. मासे कसे पोसावेत, गळाला कोणते आमिष लावावे, याचाही एक सविस्तर अध्याय आहे. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या राजाला ही हौस कुठून आली असेल, असे वाचताना वाटून जाते. आपल्या कामाचा भाग मात्र गीतविनोदाचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात सोमेश्वर करून ठेवतो. कष्टाच्या लयीवर गाणे बसते हे राजदरबारातल्या ग्रंथाने दखल घेऊन लिहावे, हीच मोठी गोष्ट. त्याच भागात लोकभाषांतल्या गीतांचे नमुने आहेत आणि त्यातला मराठी नमुना विष्णूच्या मत्स्यावताराचा आहे: पाताळातून वेद वर काढणारा, संसाराच्या सागरातून पार नेणारा. मराठी गाण्याच्या अगदी जुन्या लिखित तुकड्यांपैकी एक असा समुद्राचा निघतो, आणि तो लिहिला गेला कल्याणला, जिथे पाणी म्हटले की विहीर आणि तळे.

सोमेश्वराचा मुलगा जगदेकमल्ल यानेही 'संगीतचूडामणि' लिहिला. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, तेव्हा आपल्या पूर्वसूरींच्या यादीत त्याने या कल्याणच्या बापलेकांना जागा दिली. उत्तरेचे आणि दक्षिणेचे, दोन्ही संगीतसंप्रदाय ज्याला आजही आपला आधारग्रंथ मानतात तो हाच. कल्याणचे राज्य बुडाले, देवगिरीचेही बुडाले. पोथी मात्र दक्षिणेकडे चालत राहिली.

ती जिथे पोहोचली त्या तंजावरला आता आपण जाऊ. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांची गादी स्थापली आणि १८५५मध्ये इंग्रजांनी ती खालसा करेपर्यंत कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही दरबाराची एक भाषा होती. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांनी (१६८४ ते १७१२) तेलुगूबरोबर मराठीतही नाटके लिहिली, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या सांगलीच्या प्रयोगाआधी दीडशे वर्षे. त्यांचे बंधू तुळजाराजे यांनी अठराव्या शतकात 'संगीतसारामृत' लिहिला तो शार्ङ्गदेवाला समोर ठेवूनच. देवगिरीची पोथी तंजावरला अशी नव्याने उघडली गेली. मग आले दुसरे सरफोजी. १७९८ ते १८३२ अशी त्यांची कारकीर्द. राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला, त्यामुळे राजाच्या हाती वेळ भरपूर आणि कुतूहल त्याहून जास्त. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला, आणि १८१४-१५च्या सुमारास नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून बंगालच्या उपसागराच्या काठावर 'मनोरा' नावाचा बुरूज बांधला. मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर बांधलेली ती वास्तू आजही उभी आहे. विजय इंग्रजांचा, पराभव फ्रेंचांचा आणि खर्च मात्र भोसल्यांचा, हा त्यातला विनोद बाजूला ठेवू.

बुरुजापेक्षा बँडचा परिणाम दूरवर गेला. त्या काळात मद्रासच्या किल्ल्यात आणि तंजावरच्या दरबारात युरोपीय वादकांची ये-जा होती. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी व्हायोलिन शिकले, तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलू यांनी ते उचलले, आणि स्वतः मुत्तुस्वामींनी गोऱ्या बँडच्या धुनांवर संस्कृत पदे रचली. पाश्चात्त्य चाल आणि देशी शब्द ही सांगड म्हणजे चित्रपटसंगीताचा शोध नव्हे. ती तेव्हाच घातली गेली होती. त्याच मुलखात तिरुवैयारूला त्यागराज राहत होते. सरफोजींच्या दरबारी आश्रयाला त्यांनी नकार दिल्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण त्यांच्या 'नौकाचरित्रमु' या तेलुगू संगीतनाटकाकडे मराठी रसिकांचे लक्ष क्वचित जाते. कृष्ण आणि गोपी यमुनेत नाव घालतात, वादळ येते, नावेला भोक पडते, गोपींचा गर्व गळतो. पूर, वारा, भीती आणि सुटका यांचा पदापदाने उभा केलेला असा सांगीतिक आराखडा दक्षिणेत त्याआधी सहसा कुणी केला नव्हता. पुढच्या काळातल्या बोटीवरच्या प्रत्येक चित्रपटगीताला तो अप्रत्यक्षपणे उपयोगी पडला, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुलखातून रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला कीर्तने करायला आले. तिथल्या श्रोत्यांना हा प्रकार नवा होता: पूर्वरंग, उत्तररंग, मधेच साकी, मधेच दिंडी, ओवी, अभंग, आणि झांजेच्या ठेक्यावर उभा राहून एकटाच माणूस दहा पात्रे करणार. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी हा साचा आत्मसात केला आणि त्यातून दक्षिणेतल्या हरिकथेला आजचे रूप मिळाले. तमिळ कथाकार आजही साकी आणि दिंडी याच नावांनी त्या चाली ओळखतात. कीर्तनकाराची खरी कसोटी प्रसंग बदलताक्षणी चाल बदलण्यात असते. सीतेच्या विलापावरून हनुमंताच्या उड्डाणावर तो श्वास न तोडता जातो. चित्रपटाचे पार्श्वसंगीत करणाऱ्याला नेमके हेच करावे लागते. कीर्तनामागोमाग नाटक आले. मराठी नाटक मंडळ्या दक्षिणेत दौरे करत होत्या आणि त्यांच्या धर्तीवर तंजावरच्याच एका मराठी माणसाने, गोविंदस्वामी राव यांनी, आपली नाटक कंपनी काढली. पायपेटी, ऑर्गन, पारशी आणि मराठी रंगभूमीवरच्या चाली असा सारा सरंजाम तमिळ नाटकात शिरला, आणि बोलपट आला तेव्हा नाटकातली मंडळी तो उचलून थेट स्टुडिओत घेऊन गेली.

दुसरा एक प्रवाह समुद्रमार्गानेच आला, म्हणून थोडे मागे जाऊन गोव्याकडे वळू. १५४२च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि त्याच वर्षी तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या परवर लोकांत जाऊन राहिले. त्या किनाऱ्यावर आजही मच्छीमारांची मोठी वस्ती ख्रिस्ती आहे, आणि तिथल्या देवळांत समूहगानाची परंपरा आहे. इकडे गोव्यात चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या. त्यांत पोरांना प्रार्थनेबरोबर व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. चारशे वर्षांनी त्याच शाळांतून आलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा कणा झाले: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियु झेवियर वाझ. संगीतकार पेटीवर चाल बांधी, आणि चाळीस वादकांपुढे कागद कोणता ठेवायचा हे ही गोव्याची मंडळी ठरवत. पडद्यावरच्या नामावळीत त्यांचे नाव आले तर 'साहाय्यक' म्हणून, नाहीतर नाहीच. याची भरपाई आपण अजून केलेली नाही.

तमिळ बोलपटाचा जन्म मुंबईत झाला. अर्देशिर इराणी यांच्या स्टुडिओत एच. एम. रेड्डी यांनी 'कालिदास' चित्रित केला आणि तो ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी मद्रासमध्ये लागला. योगायोग असा की, अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचेच 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आणले ती तारीखही ३१ ऑक्टोबरच, साल १८८०. मद्रासला ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ १९३४पर्यंत नव्हता, त्यामुळे तमिळ नट, गायक आणि भटजीसुद्धा गाडीत बसून मुंबई, कोल्हापूर, कलकत्त्याला जात. १९३४चा तमिळ 'सीता कल्याणम' हा तर आपल्या 'प्रभात'चा चित्रपट. दिग्दर्शन बाबूराव पेंढारकरांचे. पापनाशम शिवन यांनी चित्रपटासाठी चाली बांधल्या त्या पहिल्यांदा इथेच, आणि रावणाच्या दरबारात वाजवणारा एक चिमुरडा पुढे वीणावादक एस. बालचंदर म्हणून जगाला माहीत झाला. दोनच वर्षांनी, १९३६ साली, पुण्यात गेलेल्या 'प्रभात'ने 'अमरज्योती' काढला: दुर्गा खोटे समुद्री लुटारूंची नायिका, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे. मुळा-मुठेच्या काठावरच्या संगीतकाराने दर्यावर्दी बायकांना गाणे दिले. कल्याणच्या राजाची परंपरा शाबूत होती म्हणायची.

आता आपण या मागोव्याच्या मधल्या खांबापाशी येतो. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याची तालीम, नट व्हायची धडपड, मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये पेटी. या पेटीवाल्याला स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती तमिळमध्ये. मास्टर भगवान, म्हणजे गिरणगावातले भगवान पालव, तेव्हा मद्रासच्या निर्मात्यांसाठी मारधाडीचे तमिळ चित्रपट करत. १९३९चा 'जयक्कोडी' आणि १९४१चा 'वनमोहिनी' या दोन्हींचे संगीत त्यांनी आपल्या या मित्राकडे दिले. 'वनमोहिनी'ची नायिका सिलोनहून आलेली के. तवमणी देवी. ना दिग्दर्शकाची भाषा तमिळ, ना संगीतकाराची. मराठी वाचकाला सी. रामचंद्र म्हटले की 'अलबेला' आठवतो, 'अनारकली' आठवतो. त्यांचे सांगीतिक पाळणाघर तमिळ होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

भाषा येत नसताना चाल बांधणाऱ्याला एक फायदा मिळतो. अर्थाकडे कान जात नाही, म्हणून अक्षरांचे वजन फार स्पष्ट ऐकू येते. तमिळमध्ये जोडाक्षरांचे ठोके आणि दीर्घ स्वरांचे झोके जवळजवळ येतात. रामचंद्रांच्या पुढच्या हिंदी गाण्यांत शब्दाला नेमक्या जागी मिळणारा जो धक्का आहे तो या दिवसांत त्यांच्या हाती बसला असावा, अशी माझी समजूत आहे. पुढे चिक चॉकलेट त्यांच्या जोडीला आले आणि १९५१च्या 'अलबेला'त गोव्याच्या ट्रंपेटने धमाल उडवली. १९५५चा 'आझाद' कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचा, मूळ तमिळ 'मलैक्कळ्ळन'वरून केलेला; त्याची सगळी गाणी रामचंद्रांनी अतिशय कमी मुदतीत पुरी करून दिली. दक्षिणेतल्या निर्मात्यांमध्ये त्यांच्या नावाचा दबदबा होता, तो अशा कामांमुळे.

मग १९५८. जेमिनीच्या एस. एस. वासन यांनी 'वंजिकोट्टै वालिबन' एकाच वेळी तमिळमध्ये आणि 'राज तिलक' या नावाने हिंदीत काढला. कारस्थाने, जहाजे, बेटावरची राजकन्या असा सगळा दर्यावर्दी मामला. गाणी कोथमंगलम सुब्बू यांची, संगीत सी. रामचंद्रांचे. वैजयंतीमाला बेटाची राजकन्या, पद्मिनी तिची प्रतिस्पर्धी, आणि दोघींच्या नाचाची जुगलबंदी हीरालाल यांनी बसवलेली. पी. लीला आणि जिक्की यांच्या आवाजातले ते 'कण्णुम कण्णुम कलंदु' हे गाणे जवळून ऐकावे. सुरुवात संथ, एकटीची. मग दुसरी येते, आणि प्रत्येक वळणावर राग आणि लय दोन्ही बदलतात. आधी एकीला लांबलचक जागा, मग दुसरीला तेवढीच, मग निम्मी, मग त्याची निम्मी, शेवटी दोघींच्या हाती फक्त बोल आणि घुंगरू उरतात. पाहायला बसलेला खलनायक पी. एस. वीरप्पा मधेच शाबासकी देतो ते एक वाक्य तमिळ घरांत आजही रोजच्या बोलण्यात येते. चाल बदलली की प्रसंग पुढे सरकतो, हा कीर्तनातला कायदा इथे पुरेपूर पाळलेला आहे. सागरी कथेत पाण्याचे गाणे गाजण्याऐवजी दरबारातला नाच गाजला, हे खरे. तरी समुद्राकडे पाहण्याची तोवरची पद्धतही यातून कळते. समुद्र तेव्हा पलीकडच्या अद्भुत राज्यात जाण्याचा रस्ता होता.

तो कष्टाची जागा झाला १९६४-६५च्या सुमारास. एम. जी. रामचंद्रन यांच्या 'पडगोट्टी'ला विश्वनाथन-राममूर्ती यांनी संगीत दिले, वाली यांनी गाणी लिहिली, आणि कोळी नायकाच्या तोंडी पोटापाण्याचे गाणे आले. पुढच्याच वर्षी शेजारच्या मल्याळममध्ये रामू करिआत यांचा 'चेम्मीन' आला. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची कादंबरी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, आणि संगीतकार सलिल चौधरी, ज्यांचे बालपण आसामच्या चहाच्या मळ्यांत गेले. वल्ह्याची ओढ आणि सुटका यांच्यात एक असमान अंतर असते, ओढ जड आणि परतीची हालचाल हलकी. म्हणूनच मुंबईच्या कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांत झुलतो आणि तमिळ नावाड्यांच्या 'एलेलो'लाही तिश्र गतीची ओढ असते. कांडणाच्या ओवीला मुसळाने जे दिले, ते या गाण्यांना वल्ह्याने दिले. सोमेश्वराने ती नोंद केली होती. चित्रपटाला तिथे पोहोचायला बराच वेळ लागला.

१९८१ साली भारतीराजा यांनी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुट्टमच्या खडकाळ किनाऱ्यावर 'अलैगळ ओय्वदिल्लै' चित्रित केला आणि १९८६ला 'कडलोर कवितैगळ'. दोन्हींचे संगीत इळैयराजा यांचे. हे दोघेही पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या थेनी भागातले. इळैयराजांचे गाव पण्णैपुरम. थोरल्या भावाबरोबर गावोगाव गाणी म्हणत फिरलेला हा मुलगा मद्रासला येऊन धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला आणि संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी स्वतः लिहू लागला. अरेंजर आणि संगीतकार यांच्यातली भिंत त्यांनी पाडली. किनाऱ्यावर चित्रित केलेल्या प्रसंगाला पार्श्वसंगीत देणे हे कटकटीचे काम असते. लाटांचा आवाज खालच्या गरगरीपासून वरच्या फेसाळ सरसरीपर्यंत सगळी पट्टी व्यापून बसतो. बासरीचा मऊ सूर किंवा व्हायोलिनची बारीक ओळ त्यात विरून जाते. मग एकतर लाट खाली घ्यायची, नाहीतर तिच्याशी टक्कर देऊ शकेल असा समूहस्वर किंवा ढोल पुढे आणायचा. इळैयराजा अनेकदा तिसरी वाट धरतात: लाट ओसरण्याची वाट पाहून त्या फटीत दोन-चार सूर ठेवतात.

रहमान यांनी २०१३मध्ये 'कडल' आणि 'मरियान' असे दोन समुद्रपट केले. 'कडल'ची वस्ती ख्रिस्ती मच्छीमारांची, पाद्री हे एक मुख्य पात्र, त्यामुळे चर्चच्या समूहगानाचा रंग त्यात येणारच होता. झेवियर जाऊन राहिले त्या किनाऱ्याचा सूर अशा रीतीने पावणेपाचशे वर्षांनी ध्वनिमुद्रिकेत आला, जोडीला गिटार आणि संगणकावर रचलेले ठेके. लाटेचा आवाजही आता हवा तितका, हवा तेव्हा, बटणावर मिळतो. माझ्या मते याने काम सोपे झाले आणि थोडे फसवेही; फटीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून फट ऐकायची सवयही जाते.

एवढी वाट चालून आल्यावर मराठी संगीतरसिकांना एक विनंती करावीशी वाटते. सी. रामचंद्रांच्या चित्रपटांच्या याद्या आपल्याकडे हौसेने केल्या जातात आणि बहुतेक १९४२च्या 'सुखी जीवन'पासून सुरू होतात. त्या तीन वर्षे मागे नेऊन 'जयक्कोडी'पासून सुरू कराव्यात, आणि १९५८च्या पानावर 'राज तिलक'च्या आधी 'वंजिकोट्टै वालिबन' लिहावे.